कुऱ्हाडीमागून वणवा

होळी पौर्णिमा उलटली, पळसाचीं फुलें झडून गेलीं आणि बुलढाण्याहून खामगांवाकडे जाणाऱ्या प्रवाशास रस्त्याच्या कडेचे काळवंडलेले उतार दिसूं लागले, म्हणजे "यंदाही जंगलाला वणवा लागला" एवढें म्हणून आपण गाडीची कांच वर करतों, आणि आपलें मन पुन्हां कापसाच्या व चांदीच्या भावाकडे वळतें. जणूं काय वणवा हा उन्हाळ्याचाच एक नित्य प्रकार आहे. जशी लू वाहते, जशा विहिरी आटतात, तसेंच जंगलही जळतें! आमच्या मतें ही समजूत खोटी तर आहेच, पण ती घातकही आहे. जें दैवानें होतें त्याला उपाय नसतो. परंतु जें मनुष्याच्या हातून होतें त्याचा जाब मनुष्यास विचारतां येतो. वणवा हा बव्हंशीं मनुष्याच्या हातून होतो, आणि त्याची पूर्वतयारी आगपेटीनें नव्हे तर कुऱ्हाडीनें झालेली असते, हें आज आम्हांस आमच्या वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

वणव्याची जेव्हां सरकारी नोंद होते, तेव्हां आरोपीच्या जागीं बहुधा "अज्ञात इसम" हे दोन शब्द लिहिले जातात. वकिली करणाऱ्या मनुष्यास हा अज्ञात इसम चांगला परिचयाचा आहे. ज्या गुन्ह्याचा तपास कोणास करावयाचा नसतो त्या प्रत्येक गुन्ह्यांत तो हजर असतो. वास्तविक पाहतां ठिणगी कोठून येते हें सर्वांस ठाऊक आहे. मोहाचीं फुलें वेचण्यास सोपें जावें म्हणून कोणी झाडाखालचा पाला पेटवितो. तेंदूला कोंवळा पाला लवकर फुटावा म्हणून कोणी रान जाळतो. नवें गवत यावें म्हणून कोणी गुराखी काडी लावतो. जंगलाला लागून असलेल्या शेताचा धुरा किंवा पऱ्हाटी जाळतांना कोणाच्या हातून आग निसटते. आणि हौसेनें वनभोजनास आलेला एखादा सुशिक्षित गृहस्थ पेटती विडी किंवा चूल तशीच टाकून घरीं जातो. हे सर्व दोषी आहेत यांत शंका नाहीं. परंतु ठिणगी म्हणजे वणवा नव्हे. ओल्या अंगणांत पडलेली ठिणगी जागच्या जागीं विझते; दारूच्या कोठारांत पडलेली गांव उडविते. तेव्हां ठिणगी कोणी टाकली या प्रश्नाइतकाच, हें कोठार कोणी भरून ठेवलें, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

आमच्या जिल्ह्यांतील जंगल हें शुष्क पानझडीचें जंगल होय. साग, सालई, धावडा, अंजन, तेंदू, मोह, पळस हीं त्यांतील मुख्य झाडें. माघ-फाल्गुनांत पानें गळतात आणि जमिनीवर पातेऱ्याचा थर बसतो. असें जंगल कोरडें असणें हा निसर्गक्रमच आहे. परंतु जेथें झाडी दाट आहे तेथें पानें गळल्यानंतरही खोडांची व फांद्यांची आडकाठी असते. वाऱ्याचा जोर मोडतो, जमिनींतील ओल थोडी अधिक दिवस टिकते, आणि सावलीमुळें गवत माजत नाहीं. आतां याच जागेंतून मोठीं झाडें काढून टाका. ऊन सरळ जमिनीवर येतें; पावसाळ्यांत कमरेइतकें गवत व कुसळ वाढतें; घाणेरीचीं जाळीं पसरतात; आणि होळीच्या सुमारास हें सर्व वाळून उभें राहतें. वाऱ्याला आडवें येणारें कोणी उरत नाहीं. याहून वाईट गोष्ट अशी कीं, तोड करणारा मनुष्य खोड तेवढें घेऊन जातो. शेंडे, डहाळ्या, साली व वांकडीं लांकडें तेथेंच टाकतो. कारण त्यांना बाजारांत भाव नसतो. एक-दोन उन्हाळ्यांत हा ढिगारा कडकडीत वाळतो, आणि जी आग एरव्हीं पातेऱ्यावरून घोट्याइतकी सरपटत गेली असती तीच येथें पुरुषभर उंच होऊन उभ्या झाडांस धरते. त्यांतही उतार असला तर ज्वाळा वरच्या बाजूचें इंधन आधींच तापवीत जाते, म्हणून चढणीवर आग मनुष्याच्या पायांपेक्षां वेगानें धांवते. हें समजण्यास मोठें शास्त्र नको. चुलींत जळण रचणाऱ्या प्रत्येक गृहिणीस तें ठाऊक आहे.

एकदां लागलेल्या आगीनें मोठा साग मरत नाहीं, हें खरें. त्याची साल जाड असते. परंतु बीं, अंकुर व हातभर रोपें मात्र राख होतात. दरवर्षीं असें झालें म्हणजे जुनीं झाडें उभीं दिसतात, पण त्यांच्या मागून येणारी पिढी नसते. घरांत आजोबा आहेत पण नातवंड एकही नाहीं, अशा कुळाची जी गत तीच त्या जंगलाची. आणि वांचलेल्या झाडाच्या बुंध्यास जी भाजल्याची खोक पडते तींतून कीड शिरते, पोकळी होते व त्याच्या लांकडाचा दर उतरतो. तेव्हां वखारवाल्यांनींही हा आपल्या तोट्याचा हिशेब समजून घ्यावा.

यावर कोणी म्हणेल कीं, झाडें हेंच जर आगीचें इंधन, तर झाडें कमी केल्यानें आग कमी व्हावी. मग तुम्ही उलटें कां सांगतां? हा युक्तिवाद वरवर पाहतां सरळ आहे आणि त्यांत अर्धें सत्यही आहे. दाटीनें वाढलेलीं लहान झाडें व झुडपें विरळ केलीं, तोडलेला पालापाचोळा लगेच उचलला किंवा थंडींत माणसें उभीं करून काळजीपूर्वक जाळला, तर उन्हाळ्यांतील आगीचा जोर खरोखरच कमी होतो. लोणारच्या विवराच्या उतारावर माजलेली वेडी बाभूळ काढणें हें तोडणें असूनही रक्षणच आहे. परंतु व्यापाराची कुऱ्हाड लहान झुडपाकडे कधीं वळते काय? ती सर्वांत सरळ, सर्वांत जाड, म्हणजे आगीला सर्वांत दाद न देणारें झाड निवडते, आणि सर्वांत जळाऊ माल मागें ठेवते. विरळणी आणि लुटालूट या दोन्हींत कुऱ्हाड एकच असली तरी कृत्य एक नव्हे. जसें वैद्याचा व मारेकऱ्याचा सुरा दिसण्यांत सारखाच असतो.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. यासाठीं जगानें फार मोठी किंमत मोजली आहे. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत पेश्टिगो नांवाचें लांकडाच्या व्यापारावर भरभराटलेलें गांव होतें. भोंवतालचीं अरण्यें तोडून शेंडे-फांद्या जागच्या जागीं सोडलेल्या, लोहमार्गासाठीं रान जाळण्याचें काम चाललेलें आणि पावसानें ओढ दिलेली. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्रीं वारा सुटला आणि तें गांव व आसपासचा प्रदेश मिळून किमान बाराशें माणसें जळून मेलीं. त्याच रात्रीं शिकागो शहरासही आग लागली, म्हणून जगाला शिकागो आठवतें आणि पेश्टिगो आठवत नाहीं. पुढें १ सप्टेंबर १८९४ रोजीं मिनेसोटांतील हिंकली येथें तोडीच्या अशाच ढिगाऱ्यांनीं चारशेंहून अधिक बळी घेतले. १९१० च्या ऑगस्टांत आयडाहो व मोंटाना या प्रांतांत सुमारें तीस लाख एकर जंगल दोन दिवसांत जळालें, तेव्हां भ्यालेल्या सरकारनें दुसरें टोक गांठलें. प्रत्येक आग, मग ती कितीही लहान असो, तत्काळ विझवावयाची असें धोरण पुढें कित्येक दशकें चालविलें. त्यामुळें जंगलांत जळण सांचत गेलें, आणि आज तेथील तज्ज्ञच तें धोरण चुकलें असें कबूल करतात. यावरून दोन धडे घ्यावयाचे. तोडीचा कचरा मागें ठेवणें हा अपराध आहे. आणि कागदावर "आग बंद" एवढा हुकूम लिहून जंगल वांचत नाहीं.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. उत्तरेस सातपुडा, मध्यें पूर्णेचें काळें खोरें आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग व तिच्यावरचें पठार, अशी याची ठेवण आहे. या दक्षिणेच्या रांगेंत ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ सालीं झालें; त्याचा विस्तार सुमारें २०५ चौरस किलोमीटर. सातपुड्यांत संग्रामपूर तालुक्यांत अंबाबरवा अभयारण्य आहे. तें सुमारें १२७ चौरस किलोमीटरचें असून मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पाशीं जोडलेलें आहे. लोणारच्या विवरांतील लहानसें अभयारण्य २००० सालीं जाहीर झालें व २०२० सालीं त्या सरोवरास रामसर स्थळाचा जागतिक मान मिळाला. बिबट्या, अस्वल, नीलगाय, चौशिंगा हीं ज्ञानगंगेचीं नित्याचीं रहिवासी. २०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यांतील पट्ट्यासह निघाला, तेलंगणांत जाऊन परतला आणि तेराशें किलोमीटरांच्या आसपास पायपीट करून डिसेंबरांत याच ज्ञानगंगेंत येऊन विसावला. एका मुक्या जनावरानें एवढ्या मोठ्या मुलखांत जी जागा राहण्याजोगी मानली, तिची किंमत तिच्या शेजारीं राहणाऱ्या आपणांस कळूं नये काय?

अभयारण्यांत धंदेवाईक तोड कायद्यानें बंद आहे. परंतु अभयारण्याची हद्द नकाशावर असते. वाऱ्यास ती ठाऊक नसते. भोंवतालच्या राखीव वनांतील कूप, मालकीच्या जमिनीवरील झाडांच्या परवान्याआड चालणारी चोरटी तोड, आणि डोक्यावरच्या मोळ्या, या तिहींनीं कडेची झाडी उघडी पडते. आग कडेस लागते आणि गाभ्यांत शिरते.

याच कडेच्या उतारांवर आपण सुट्टीच्या दिवशीं जातों. शहरांतील मनुष्यानें रान पाहावें, मुलांनीं पांखरांचीं नांवें शिकावीं, थंडींत पायीं डोंगर चढावा, हें आम्हांस मनापासून हवें आहे. ज्या समाजास आपलें अरण्य ठाऊक नाहीं तो त्याचें रक्षण काय करणार? परंतु जी जागा विरंगुळ्याची म्हणून आपण मुलांस दाखवितों तीच उन्हाळ्यांत सांपळा होऊं शकते, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. ११ मार्च २०१८ रोजीं तामिळनाडूंतील थेनी जिल्ह्यांत कुरंगणीच्या डोंगरांत हौसेनें गेलेल्या तरुण स्त्री-पुरुषांस वाळलेल्या गवताच्या उतारावर वणव्यानें गांठलें, आणि वीसाहून अधिक जीव गेले. तीं शिकलीं-सवरलेलीं होतीं, धडधाकट होतीं. पण चढणीवर आग कशी धांवते हें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें, आणि सुटकेची वाट आधीं ठरलेली नव्हती. पुढल्याच वर्षीं फेब्रुवारींत बंदीपूरच्या प्रसिद्ध व्याघ्र प्रकल्पांत हजारों एकर रान जळालें. ज्ञानगंगेंत असें कधीं घडणार नाहीं, अशी हमी कोण देतो?

आमचे व्यापारी बंधु म्हणतील, "अस्वलें व सहली यांशीं आमचा काय संबंध?" त्यांच्यासाठीं पाण्याचा हिशेब मांडतों. पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा आहे. शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या भागांतील कित्येक गांवांच्या विहिरींस गोडें पाणी नाहीं. तेथें जें गोडें पाणी पोहोंचतें तें डोंगरांतून. सातपुड्यांतून उतरणाऱ्या वान नदीच्या धरणावर किती गांवांची तहान अवलंबून आहे हें तेथील लोकांस विचारावें. इकडे ज्ञानगंगा, नलगंगा व पैनगंगा या नद्यांचा उगम अजिंठ्याच्या डोंगरांतच आहे. उतार जळाला कीं जमीन उघडी पडते. मृगाचा पहिला पाऊस राखेबरोबर माती घेऊन खालीं येतो. ती माती धरणांत बसते, आणि जें पाणी मुरून हिवाळ्यांत झऱ्यांतून यावयाचें तें आषाढांतच पुरानें निघून जातें. विहीर आटली म्हणजे सरकी पिकत नाहीं, सरकी पिकली नाहीं म्हणजे जिनिंगची गिरणी चालत नाहीं, आणि शेतकऱ्याच्या हातीं पैसा नसला म्हणजे खामगांवच्या सराफ्यांत दागिना खपत नाहीं. वणव्याचा धूर डोंगरावर दिसतो, पण त्याची झळ दुकानाच्या गल्ल्यापर्यंत येते.

कायदे नाहींत अशी तक्रार कोणासही करतां येणार नाहीं. १९२७ च्या वन कायद्याचें २६ वें कलम राखीव वनांत आग लावणें गुन्हा ठरवितें. ७९ वें कलम जंगलांत हक्क असलेल्या मनुष्यास आग विझविण्यास मदत करणें बंधनकारक करतें. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ३० व्या कलमानें अभयारण्यांत धोका होईल अशी आग पेटविणें अगर पेटती सोडणें मना आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मंजूर कार्य आयोजनेवांचून वनांत तोड करण्यास देशभर मनाई केली, आणि १४ फेब्रुवारी २००० च्या हुकुमानें अभयारण्यांतील मेलेलीं व पडलेलीं झाडेंही उचलण्यास बंदी झाली. या शेवटल्या हुकुमाचा हेतु उत्तम होता. मेलेल्या झाडाच्या नांवानें जिवंत झाड नेण्याची वाट त्यानें बंद केली. परंतु त्याचा एक अर्थ असाही होतो कीं, आंत पडलेलें इंधन आंतच राहणार. म्हणून अशा जागीं जाळरेषा व पहारा यांची जबाबदारी दुप्पट झाली. बंदी घातली म्हणजे काम संपलें असें नव्हे. तेथून तें सुरू होतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें जरूर आहे. वणव्याचें नांव काढतांच शहरांतील पुष्कळ लोक मोळीवालीकडे व आदिवासीकडे बोट दाखवितात. सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणारे कोरकू, निहाल, भिलाला हे लोक या जंगलांत आपल्या पूर्वीपासून आहेत. परकी सरकारनें त्यांचें जंगल कायद्याच्या एका फटकाऱ्यानें आपलें केलें, त्यांतील साग रुळांखालीं घातला आणि गवताच्या काडीवर कर बसविला. म्हणूनच १९३० च्या १० जुलैस पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनीं राखीव वनांतील गवत कापून तुरुंगवास पत्करला, आणि वऱ्हाडांत जंगल सत्याग्रहाची लाट उठली. त्या गवताच्या पेंढीचा अर्थ "जंगल लुटा" असा नव्हता. "जंगल आमचें आहे" असा होता. स्वराज्य येऊन इतकीं वर्षें झालीं. आतां जंगल आपलें आहे असें आपण म्हणतों, तर तें जळतांना "तें सरकारचें, सरकार पाहून घेईल" असें कोणत्या तोंडानें म्हणावें? हक्क सांगतांना लोकांचें आणि राखतांना सरकारचें, असा दुहेरी हिशेब कोणत्याच वहींत चालत नाहीं.

ज्यांना जंगल खरोखर आपलें वाटलें त्यांनीं काय केलें याचें उदाहरण विदर्भांतच आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील पाचगांवच्या ग्रामसभेस २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें सामूहिक हक्क मिळाला, तेव्हां त्या गांवानें तेंदूपत्त्याचा पैसा आपण होऊन सोडला; कारण त्यासाठीं झाडें छाटावीं लागतात आणि रान जाळावें लागतें. गरीब गांवानें हातांतला रोकडा पैसा नाकारला, आणि आम्ही श्रीमंत शहरांतले लोक एक विडी विझवूं शकत नाहीं! याहून अधिक टीका करण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं.

तेव्हां करावयाचें काय? आमच्या सूचना थोड्या आहेत आणि त्यांपैकीं एकही अशक्य नाहीं. पहिली, ज्या कुपांत तोड होईल तेथील शेंडे-डहाळ्या संक्रांतीपूर्वीं उचलल्या किंवा देखरेखीखालीं नष्ट केल्या असल्यावांचून कंत्राटदाराचें शेवटलें बिल निघूं नये. खोडाचा पैसा घेणाऱ्यानें कचऱ्याचा भारही घेतला पाहिजे. दुसरी, वणव्याचा हंगाम सरकारी हिशेबानें १५ फेब्रुवारीस सुरू होतो व १५ जूनला संपतो. जाळरेषा त्या तारखेच्या आधीं पुऱ्या झाल्या कीं नाहीं हें त्या त्या ग्रामसभेनें पाहून लिहून द्यावें, केवळ कचेरींतील शेऱ्यावर विसंबूं नये. तिसरी, हंगामी राखणदार त्याच गांवांतले असावेत आणि त्यांचा रोज वेळेवर चुकता व्हावा. आतां कृत्रिम उपग्रह आकाशांतून आग ओळखतो व तिची वर्दी मोबाईलवर येते. पण उपग्रह झाडाची ओली फांदी तोडून आग झोडपीत नाहीं, तें काम उपाशी मनुष्यानें करावें अशी अपेक्षा आहे. चौथी, या चार महिन्यांत ठरलेल्या वाटांखेरीज डोंगरउतारांवर सहलींस मज्जाव असावा; आंत जाणाऱ्यांचीं नांवें लिहून घ्यावीं, सुटकेची वाट दाखवावी, आणि काडीपेटी नाक्यावर ठेवून घ्यावी. शाळांनीं सहली पौषापूर्वीं कराव्या. पांचवी, आरागिरणीवाल्यांनीं व वखारवाल्यांनीं वाहतूक परवान्यावांचून आलेला माल स्वस्त मिळतो म्हणून घेऊं नये. चोरीचा माल घेणारा चोराइतकाच दोषी, हें तत्त्व सोन्याला लागूं आणि सागाला नाहीं असें नाहीं. सहावी, प्रत्येक वणव्याचें ठिकाण, क्षेत्र व कारण वनखात्यानें दरसाल प्रसिद्ध करावें, म्हणजे त्या अज्ञात इसमाची ओळख हळूहळू पटूं लागेल.

आम्हांस तर ती आतांच पटूं लागली आहे. काडी ओढणारा त्यांत एक आहे. पण परवान्याकडे डोळेझाक करणारा, स्वस्त लांकूड घेणारा, कचरा टाकून निघून जाणारा कंत्राटदार, वेळेवर जाळरेषा न काढणारा अधिकारी, आणि काळा उतार पाहून कांच वर करणारे आपण सर्व, हे त्याचे साथीदार आहेत. वाघ तेराशें किलोमीटर चालून आपल्या दारीं आला. आपणांस घाटापर्यंत जावयाचें आहे. पुढल्या फाल्गुनांत त्या वळणावर गाडी थांबवून खालीं उतरावें आणि उतार काळा आहे कीं हिरवा हें प्रत्येकानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. काळा असला तर त्याच दिवशीं वनखात्यास व आपल्या लोकप्रतिनिधीस एक पत्र लिहावें, आणि उत्तर येईपर्यंत दुसरें लिहावें. स्वराज्यांत प्रजेच्या हातीं असलेलें हें हत्यार कुऱ्हाडीहून हलकें आहे. पण तें रोज चालविलें तर कुऱ्हाडीस पुरून उरेल असा आमचा भरंवसा आहे.